अंतेवासी, उमेदवार, इंटर्न : सक्ती नेमकी कोणावर?

🧵 धागा

१/२६
महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू केला. त्यानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘ओजेटी’चे, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यावयाच्या प्रशिक्षणाचे, ४ श्रेयांक मिळवावे लागतात. एका श्रेयांकाला ३० तास या हिशेबाने हे १२० तासांचे काम होते. इतिहासाचा विद्यार्थीही याला अपवाद नाही. हे तास भरले नाहीत तर पदवी अडते. मात्र या विद्यार्थ्याला दारात उभे करून घेण्याचे बंधन कोणत्याही वस्तुसंग्रहालयावर, दफ्तरखान्यावर किंवा प्रकाशनसंस्थेवर नाही. सक्ती आहे, पण ती एकाच बाजूला आहे.

२/२६
शिकणाऱ्याने काम करावे, ही कल्पना नवी नाही आणि वाईट तर नाहीच. तिला किमान दीड हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे. त्या इतिहासात शिकता शिकता राबणाऱ्या माणसासाठी तीन शब्द येतात : अंतेवासी, उमेदवार आणि इंटर्न. प्रत्येक शब्दामागे एक करार आहे. तो करार कोणाला बांधत होता, हे पाहिले की आजच्या सक्तीत काय हरवले आहे ते स्पष्ट दिसते. या धाग्याचा विषय तोच.

३/२६
पहिला शब्द ‘अंतेवासी’. गुरूच्या सान्निध्यात, त्याच्या घरी राहणारा तो अंतेवासी. हा शब्द ऐकताच वेदपठण करणारा बटू डोळ्यांसमोर येतो. धर्मशास्त्रकारांनी मात्र तो कारागिरी शिकणाऱ्या मुलासाठीही वापरला आहे. सोनारकाम, विणकाम, नृत्यगायन यांसारखे शिल्प शिकण्यासाठी ठरावीक मुदतीचा शब्द देऊन आचार्याच्या घरी राहणारा तो अंतेवासी. आणि हा विषय स्मृतींत आचारधर्मात येत नाही, तो व्यवहारात येतो. म्हणजे तंटा झाल्यास निवाडा करावा लागेल अशा करारांत त्याची गणना होती.

४/२६
याज्ञवल्क्यस्मृती सांगते की कला लवकर अवगत झाली तरी अंतेवासीने ठरलेली मुदत पूर्ण होईपर्यंत गुरूच्या घरी राहावे. त्या काळातील कामाचे फळ गुरूचे, आणि शिष्याचे जेवणखाण गुरूने पाहायचे. नारदस्मृती याच कराराची दुसरी बाजू मांडते. आचार्याने शिष्याला स्वतःच्या घरी जेवू घालून शिकवावे, पुत्राप्रमाणे वागवावे आणि शिकण्याशी संबंध नसलेले दुसरे काम त्याच्याकडून करून घेऊ नये. शेवटची अट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

५/२६
कात्यायन आणखी एक पाऊल पुढे जातो. जो आचार्य कला शिकवत नाही आणि इतरच कामे करवून घेतो, तो त्याच्या मते दंडास पात्र ठरतो. अशा गुरूला सोडून जाण्याची मोकळीक शिष्याला आहे. चहा आणणे आणि कागदांच्या छायाप्रती काढणे ही आजच्या इंटर्नची प्रसिद्ध दुःखे. त्यांची प्राचीन आवृत्ती धर्मशास्त्रकारांना चांगलीच ठाऊक असावी. एरवी त्यावर दंड सांगण्याची वेळ आली नसती. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि पुढे महाराष्ट्राच्या बहुतांश भागात तीच प्रमाण मानली गेली. हा विचार त्यामुळे इथल्या परंपरेला परका नाही.

६/२६
येथे सावध राहायला हवे. स्मृती काय व्हावे ते सांगतात. प्रत्यक्षात काय होत होते, याचा तो पुरावा नव्हे. शिवाय गावगाड्यात सुताराचा मुलगा सुतारकी आणि कुंभाराचा मुलगा मडकी घडवायला बापाकडेच शिके. तिथे करार नव्हता, कारण निवडच नव्हती. जातीच्या भिंतीबाहेरच्या मुलाला ते दार बंद असे. तेव्हा ‘पूर्वी सारे चांगले होते’ असा निष्कर्ष इथून निघत नाही. निघतो तो एवढाच : शिकाऊ माणसाचे काम शिकवणाऱ्यालाही बांधते, ही कायद्याची समज जुनी आहे.

७/२६
युरोपातही हीच समज कागदावर उतरली. शिकाऊ कारागिराचा करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहीत आणि मधोमध दातेरी रेषेत कापून एक तुकडा मालकाला, दुसरा मुलाच्या पालकाला देत. वाद झाल्यास दोन्ही तुकडे जुळवून पाहत. दाते जुळले तर करार खरा. ‘इंडेंचर’ हा इंग्रजी शब्द या दात्यांवरूनच आला. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कारागीर कायद्याने ही पद्धत देशव्यापी आणि सक्तीची केली. किमान ७ वर्षे शिकाऊ म्हणून काढल्याशिवाय त्या काळच्या कसबी धंद्यांत कोणाला पाऊल ठेवता येत नसे.

८/२६
या सक्तीवरचा सर्वांत धारदार हल्ला १७७६ साली ॲडम स्मिथने केला. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये त्याने दाखवले की इतकी वर्षे कोणतीही कला शिकायला लागत नाहीत. घड्याळ बनवण्यासारखे नाजूक कामही थोड्या काळात समजावून देता येते. लांबलेली मुदत विद्येसाठी नसून स्वस्त मजुरीसाठी आणि धंद्यातली स्पर्धा रोखण्यासाठी आहे. पहिल्यापासून कामाचा मोबदला मिळाला तर तरुण अधिक मन लावून शिकेल, असे त्याचे म्हणणे होते. १८१४ मध्ये त्या कायद्यातील शिकाऊपणाची सक्ती रद्द झाली. मुदत शिकण्यापेक्षा लांबली की ती कोणाच्या फायद्याची, हा स्मिथचा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही.

९/२६
इंग्लंडमध्ये सक्ती संपल्यावर ३६ वर्षांनी कंपनी सरकारने हिंदुस्थानसाठी शिकाऊ उमेदवारांचा पहिला कायदा केला. १८५० च्या या कायद्याने १० ते १८ वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त ७ वर्षांसाठी एखाद्या कारागिराकडे बांधून देता येई. धर्मादायावर वाढणारी अनाथ आणि गरीब मुले हा त्याचा मुख्य रोख होता. मुलाला पोटापाण्याचे साधन मिळावे हा हेतू होताच. त्याच वेळी एक वर्गभेदही रुजला : कारखान्यातले शिकाऊपण गरिबाच्या पोरांसाठी, कॉलेज इतरांसाठी. हाताने शिकणे आणि पुस्तकातून शिकणे यांमधली ही दरी पुढची शंभर वर्षे फारशी बुजली नाही.

१०/२६
दुसरा शब्द ‘उमेदवार’. आज तो निवडणुकीत ऐकू येतो, पण त्याचे मूळ फारसी ‘उमेद’मध्ये, म्हणजे आशेत आहे. उमेदवार म्हणजे आशा धरून असलेला. नोकरीच्या आशेने कचेरीत तिष्ठणाऱ्या माणसाला हे नाव होते. इंग्रजांच्या कानांवर तो इतक्यांदा पडला की हिंदुस्थानी शब्दांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशातही त्याची नोंद झाली. मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे बिनपगारी किंवा अल्प पगारावर काम शिकत दिवस काढणे, हा अर्थ आजही जिवंत आहे.

११/२६
मामलेदार कचेरीतला उमेदवार कागद नकलून काढी, मोडी अक्षर घोटी, वरिष्ठ कारकुनाचा हात वाचून वाचून पक्का होई. तो खरोखर काही शिके, हे नाकारता येणार नाही. पण त्याच्यापाशी दातेरी कागदाचा दुसरा तुकडा नव्हता. जागा रिकामी झाली तर, साहेबाची मर्जी असली तर, कोणाचा वशिला लागला तर नोकरी. एरवी उमेद तेवढी पदरी. आणि महिनोन्‌महिने उमेदीवर जगू शके तोच, ज्याच्या घरी दोन वेळची चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटत असे. निवड झाल्याचे दिसे ती गुणांची. खरी चाळणी आधीच लागलेली असे, ती थांबण्याच्या ऐपतीची.

१२/२६
त्याच काळात वेगळी वाटही होती. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अमलात हळूहळू शिक्षणाकडे वळवला गेला आणि त्यातून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. हे फेलो स्वतः शिकत, खालच्या वर्गांना शिकवत आणि त्याबद्दल त्यांना वेतन मिळे. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. या निधीचा उगम एका जातीपुरता होता, हा त्याचा डाग विसरता येत नाही. तरीही शिकणाऱ्याच्या श्रमाला मोल देण्याची सोय एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्यात होती, एवढे त्यातून सिद्ध होते.

१३/२६
तिसरा शब्द ‘इंटर्न’. त्याचे घर कंपनी नसून रुग्णालय आहे, आणि भाषा फ्रेंच. राज्यक्रांतीनंतर पॅरिसच्या रुग्णालयांची नव्याने घडी बसवताना १८०२ मध्ये दोन पायऱ्या ठरवल्या गेल्या. बाहेरून येऊन काम करणारे ‘एक्स्टर्न’ आणि रुग्णालयातच राहून रुग्णांची अहोरात्र जबाबदारी घेणारे ‘इंटर्न’. इंटर्न म्हणजे आत राहणारा. मराठीत डॉक्टरांच्या या वर्षाला ‘आंतरवासिता’ म्हणतात. ‘अंतेवासी’ आणि ‘आंतरवासी’ हे शब्द कानाला इतके जवळचे वाटतात, ते उगाच नव्हे. दोन्हींत शिकणाऱ्याच्या राहण्याची जागा ही शिकवणाऱ्याची जबाबदारी आहे.

१४/२६
पॅरिसच्या इंटर्नला काय मिळे? राहायला खोली, जेवण, थोडे वेतन आणि मुख्य म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकायचे तो नावानिशी ठरलेला वैद्य. प्रवेश खुल्या स्पर्धा-परीक्षेने होई. तीत वशिल्याला निदान नियमाने तरी जागा नव्हती. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा पाया घालणारा क्लोद बेर्नार हा द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबातला मुलगा. तो १८३९ मध्ये ही परीक्षा उतरला आणि इंटर्न म्हणून फ्रांस्वा माझांदीसारख्या प्रयोगनिष्ठ शास्त्रज्ञाच्या हाताखाली पोहोचला. इंटर्नशिपने एखाद्याचे आयुष्य कसे पालटते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

१५/२६
मात्र हे दारही सर्वांना खुले नव्हते. स्त्रियांना पॅरिसच्या इंटर्न परीक्षेस बसण्याची परवानगी मिळायला १८८५ साल उजाडले. १८८६ मध्ये ऑगस्टा क्लुम्पके ही पॅरिसच्या रुग्णालयांतील पहिली स्त्री इंटर्न झाली आणि पुढे मज्जासंस्थेच्या अभ्यासात तिने मोठे नाव कमावले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेत होत्या. इंटर्नशिप व्यवसायाचा उंबरठा ठरली की तो कोणाला ओलांडता येतो, हा प्रश्न प्रशिक्षणापुरता उरत नाही. तो नागरिकत्वाचा प्रश्न होतो.

१६/२६
स्वतंत्र भारतात सक्तीची इंटर्नशिप सर्वांत घट्ट रुजली ती वैद्यकातच. १९४६ च्या भोर समितीने डॉक्टर हा समाजाचाही वैद्य असावा असे मानले आणि त्याच्या शिक्षणात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे ३ महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले. आज एमबीबीएसनंतरचे एक वर्ष वेगवेगळ्या विभागांत फिरून काढावे लागते. त्यात गावपातळीवरच्या आरोग्यसेवेचाही वाटा असतो. हे वर्ष पूर्ण झाल्याखेरीज कायम नोंदणी नाही. सक्ती कडक आहे, तरी ती मुळात अन्यायी आहे असे कोणी म्हणत नाही. का?

१७/२६
कारण तिथे प्रवेशाची जागा आणि रुग्णालयाची खाट एकत्र येते. रुग्णालय नसलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यताच मिळत नाही. ज्याने सक्ती केली, त्यानेच सोय उभी करायची. विद्यार्थ्याला आंतरवासितेसाठी ओळखीच्या डॉक्टरचे दार ठोठवावे लागत नाही. विद्यावेतनाची तरतूदही नियमांत आहे. ती सर्वत्र पाळली जात नाही, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढील सुनावणीत उघड झाले. पण नियम होता, म्हणून न्यायालयात दाद मागता आली. जिथे नियमच नाही, तिथल्या विद्यार्थ्याने कोणत्या कलमावर बोट ठेवायचे?

१८/२६
वैद्यकाबाहेर असे जमत नाही, हा आक्षेपही इतिहासात टिकत नाही. १९०६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकाने अभियांत्रिकीचे २७ विद्यार्थी घेऊन एक प्रयोग सुरू केला. विद्यार्थी एक आठवडा वर्गात, पुढचा आठवडा कारखान्यात. एक गट कारखान्यात असताना दुसरा वर्गात बसे, त्यामुळे मालकाची जागा कधी रिकामी राहत नसे. कामाचा पगार मिळे. कारखान्यांशी बोलणी विद्यापीठ करी, विद्यार्थी नव्हे. या पद्धतीला ‘सहकारी शिक्षण’ असे नाव पडले आणि ती पुढे जगभर पसरली.

१९/२६
भारताकडेही स्वतःचा दातेरी कागद आहे : शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. या नावात ‘उमेदवार’ शब्द टिकला, पण त्याची आशा कायद्याच्या चौकटीत आली. या कायद्यात मालक आणि शिकाऊ यांच्यात लेखी करार होतो आणि त्याची सरकारदरबारी नोंद होते. विद्यावेतन द्यावे लागते. कामाचे तास आणि रजा ठरलेल्या असतात, अपघात झाल्यास भरपाईची तरतूद आहे. मालक स्वतः त्या कामात प्रशिक्षित नसेल, तर पात्र व्यक्तीला प्रशिक्षणाची जबाबदारी देणे त्याला भाग आहे. आणि प्रशिक्षणाशी संबंध नसलेले काम शिकाऊ उमेदवाराकडून करून घेणे हा दंडनीय गुन्हा आहे.

२०/२६
शेवटचे कलम पुन्हा वाचण्याजोगे आहे. नारदाने जे निषिद्ध ठरवले, कात्यायनाने ज्याला दंड सांगितला, तेच १९६१ च्या संसदेने कायद्यात लिहिले. कायदा रचणाऱ्यांनी स्मृती उघडून पाहिल्या असतील असे नव्हे. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याचा मोह सर्व काळांत सारखाच असतो, म्हणून त्यावरचा उपायही पुन्हा पुन्हा तोच सुचतो. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते या कायद्यात आले. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवले.

२१/२६
या कायद्यालाही मर्यादा आहेत. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे कामगार कायद्यांचे बरेचसे संरक्षण त्याला मिळत नाही. करार संपल्यावर नोकरी देण्याचे सरसकट बंधनही मालकावर नाही. तरीही तो एक गोष्ट मान्य करतो : मोठ्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. म्हणजे इथे सक्तीचा एक हात मालकाच्याही खांद्यावर आहे. महाविद्यालयीन इंटर्नशिपच्या नव्या नियमांत नेमका हाच हात दिसत नाही.

२२/२६
आज सक्तीची यादी लांबत आहे. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे इंटर्नशिप हवी, असे बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढावे लागतात. नव्या शैक्षणिक धोरणाने कला, वाणिज्य, विज्ञान या शाखाही या यादीत आणल्या. हेतू उमदा आहे. १८५० च्या कायद्याने रुंदावलेली हात आणि पुस्तक यांमधली दरी बुजवण्याचा हा प्रयत्न म्हटला पाहिजे. पण वर्ग वाढले त्या वेगाने कामाची ठिकाणे वाढली नाहीत. हे म्हणजे रुग्णालय न बांधता आंतरवासिता सक्तीची करण्यासारखे झाले.

२३/२६
याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. मुंबई-पुण्यात घर असलेल्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला वस्तुसंग्रहालय लोकलच्या अंतरावर असते. तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला तेच १२० तास म्हणजे शहरातली खोली, खानावळ आणि बुडालेली मजुरी. हा खर्च ज्याला झेपत नाही, त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो : ओळखीच्या कोणाकडून तरी शिक्का मारलेले प्रमाणपत्र आणायचे. मग कागदावर तास भरतात, हाती काहीच लागत नाही. कचेरीतला जुना उमेदवार निदान मोडी तरी शिकत होता. आजच्या या विद्यार्थ्याला ना नोकरीची उमेद, ना विद्या. त्याने मिळवलेला श्रेयांक ही व्यवस्थेने स्वतःचीच केलेली फसवणूक ठरते.

२४/२६
‘छोट्या संस्थांना विद्यावेतन परवडत नाही’ हा युक्तिवाद खरा आहे. इतिहासाच्या क्षेत्रात तर बहुतेक संस्था छोट्याच. पण त्यांच्याकडे काम नाही, असे कोण म्हणेल? पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी मोजके सहकारी घेऊन त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले. तेवढ्याने दफ्तर संपले नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत देवस्थानांचे, संस्थानांचे, जुन्या घराण्यांचे कागद पडून आहेत आणि मोडी वाचणारे डोळे कमी होत आहेत. १२० तासांत कोणी मोडीतज्ज्ञ होत नाही. एका जाणत्या माणसाशेजारी बसून रुमाल सोडायचा कसा, नोंद करायची कशी, एवढे मात्र नक्की शिकता येते. उणीव आहे ती त्या जाणत्या माणसाच्या वेळेचे मोल देणाऱ्याची.

२५/२६
म्हणून इंटर्नशिपची सक्ती काढून टाकणे हे उत्तर नव्हे. कागदाचा दुसरा तुकडा परत आणणे, हे उत्तर आहे. त्यासाठी तीन अटी पुरेशा आहेत.
एक : ज्या विद्यापीठाने इंटर्नशिप सक्तीची केली, त्याने प्रत्येक विद्यार्थ्यासाठी जागा शोधून द्यावी, आणि ती शक्यतो त्याच्याच जिल्ह्यात. जागा देता आली नाही तर त्या विद्यार्थ्यापुरती सक्ती मागे घ्यावी.
दोन : संस्था विद्यावेतन देऊ शकत नसेल तर प्रवास आणि राहण्या-जेवण्याचा खर्च विद्यापीठाने किंवा शासनाने उचलावा. अंतेवासीला जेवू घालण्याची जबाबदारी स्मृतीकाळीही शिष्यावर नव्हती.
तीन : शिकवणाऱ्याचे नाव आणि शिकवायच्या गोष्टी करारात लिहिल्या जाव्यात, आणि असंबद्ध काम सांगितल्यास ते सोडण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा. श्रेयांक न गमावता.

२६/२६
यांपैकी एकही अट नवी नाही. पहिली वैद्यकीय महाविद्यालये पाळतात, दुसरीचे तत्त्व याज्ञवल्क्याला मान्य होते, तिसरी १९६१ च्या कायद्यात बव्हंशी लिहिलेलीच आहे. तो हक्क महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या इंटर्नशिपपर्यंत पोहोचवायचा, एवढेच काम उरले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आपल्या ओजेटीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी त्या कागदाकडे दफ्तरातल्या कागदाकडे पाहावे तसे पाहावे : यावर किती पक्षांच्या सह्या आहेत आणि कोणी कशाची हमी दिली आहे? एकाच पक्षाची सही असेल तर त्याला करार म्हणत नाहीत. जुन्या कचेऱ्यांत त्याला अर्ज म्हणत, आणि तो करणाऱ्याला उमेदवार.

धागा समाप्त.